चित्त आणि चित्र : कलानिर्मितीतील पच्चवेक्खण

पाली भाषेत 'चित्त' हा एकच शब्द मन आणि चित्र अशा दोन्ही अर्थांनी येतो. संस्कृतातील 'चित्त' व 'चित्र' हे दोन भिन्न शब्द पालीत एकरूप झाले, एवढेच त्याचे भाषाशास्त्रीय कारण. परंतु संयुत्तनिकायाच्या खन्धसंयुत्तातील एका सुत्तात तथागतांनी या साम्याचा मार्मिक उपयोग केला आहे. 'चरण' नावाचे चित्र पाहिले आहे काय, असे भिक्खूंना विचारून ते दाखवून देतात की, ते चित्र चित्तानेच योजिले असून चित्त त्याहूनही विविध आहे. अट्ठकथेनुसार कर्माची बरीवाईट फळे पटावर रंगवून ते चित्र ठिकठिकाणी फिरविले जाई. पिंगुळीच्या चित्रकथींची आठवण वाचकांस येथे सहज होईल.

परंपरेने बुद्धघोषाचार्यांची मानली गेलेली 'अट्ठसालिनी' ही अट्ठकथा याच सुत्ताच्या आधारे चित्रकाराच्या मनाचा उलगडा करते. अमुक रूपे अशी असावीत, ही कल्पना प्रथम मनात उद्भवते. तिच्यातून रेखाटन, रंग भरणे, उजाळा देणे या क्रिया घडतात. मग उमटलेल्या आकृतीच्या वर काय, खाली काय, दोन्ही बाजूंस काय, याचा विचार होऊन उर्वरित चित्र पुरे होते. म्हणजे विचार आरंभी एकदाच येऊन थांबत नाही. झालेले काम पुढील कामाचा प्रत्यय ठरते. कलानिर्मितीला लावलेला हा पटिच्चसमुप्पादच होय, असे आम्हांस वाटते.

प्रतिभा ही जन्मजात देणगी होय, ही समजूत मात्र आपल्या समीक्षेत खोल रुजलेली आहे. मम्मटाने 'शक्ती'च्या जोडीला निपुणता व अभ्यास यांनाही स्थान दिले, हे मान्य केले पाहिजे. तरीही काव्याचे बीज त्याने शक्तीतच पाहिले. बीज जन्माबरोबर येते असे एकदा मानले की, ते कोणाच्या वाट्यास आले हे ठरविण्याचा अधिकारही कोणीतरी आपल्याकडे घेतो. मग एकास प्रतिभावंत म्हटले जाते आणि दुसऱ्यास केवळ कारागीर.

अजिंठ्याच्या क्रमांक 16 च्या लेण्यातील शिलालेख वाकाटक नृपती हरिषेणाचा सचिव वराहदेव याचे दातृत्व नोंदवितो. तेथे राबलेल्या शिल्पी व चित्रकारांची नावे त्यात नाहीत. त्यांच्या विचाराची साक्ष पाहावयाची असेल, तर क्रमांक 24 च्या अपुऱ्या लेण्यात जावे. कोठे नक्षी पूर्णत्वास गेलेली, तर कोठे खांब अजून ठोकळ्याच्या अवस्थेत आहेत. खडकातून एकदा काढलेला दगड पुन्हा जोडता येत नाही. तेव्हा प्रत्येक घावापूर्वी संपूर्ण दालन मनात उभे असणे अगत्याचे होते. अशा हातांना विचारहीन म्हणणारी समीक्षा त्या लेण्यापुढे टिकत नाही.

पण हा निकष आपणांसही लागू आहे. मज्झिमनिकायातील अम्बलट्ठिक-राहुलोवाद सुत्तात तथागत राहुलाला आरशाची उपमा देतात : कर्म करण्यापूर्वी, करीत असता आणि केल्यानंतर पुन्हापुन्हा पच्चवेक्खण करावे. चित्र काढणे हेही कायकर्मच आहे. आज अनेक विहारांच्या भिंतींवर कॅलेंडरवरील बुद्धप्रतिमा जशीच्या तशी उतरविलेली आढळते. तीमागील श्रद्धेविषयी आम्हांस शंका नाही. परंतु ही मुद्रा का, या प्रसंगातून पाहणाऱ्याच्या मनात काय जागे व्हावे, हे प्रश्न रंग कालविण्यापूर्वी विचारले गेले होते काय? परंपरेला प्रश्न विचारूनच आपण धम्माकडे आलो. ती सवय कुंचला हाती घेताना सोडून देण्याचे कारण नाही.

भिंत रंगविण्यापूर्वी चित्रकार, भिक्खू आणि उपासक-उपासिका यांनी एकत्र बसून एवढा विचार केला, तरी आपली कला अनुकरणातून बाहेर पडू लागेल, असे आम्ही नम्रपणे सुचवितो.