छपरे आहेत, दारे कुठे?

मोबाईलवरचा नकाशा म्हटला की आपल्यापैकी बहुतेकांना ‘वेझ’ आठवते. ते याच देशात जन्मले. २००६ साली ‘फ्रीमॅप इस्राएल’ या नावाने सुरुवात झाली. लोकांनी आपापल्या गाड्या फिरवून रस्ते नोंदवले, नावे सांगितली, चुका दुरुस्त केल्या. पुढे त्याची कंपनी झाली आणि २०१३ साली गूगलने ती विकत घेतली. श्रम लोकांचे, मालकी दुसऱ्याची.

‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा नकाशा त्याहून दोन वर्षांनी थोरला. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला. त्यातली माहिती कोणीही फुकट घ्यावी, पण श्रेय द्यावे आणि त्यात घातलेली भर पुढे देताना तीही तशीच खुली ठेवावी, अशी त्याची अट. कंपनीला तो गिळता येत नाही. म्हणून आपल्या लोकांनी घरे आणि पत्ते घालायचेच असतील तर याच नकाशात घालावेत, असे माझे मत आहे. पण आज त्यात घरांचे आणि पत्त्यांचे काम ज्या रीतीने चालते, त्यावर मला तक्रार करायची आहे.

रस्ते आणि पायवाटा यांबाबत इथल्या स्वयंसेवकांना शाबासकी दिली पाहिजे. डोंगरवाटांसाठी तरुण मंडळी वापरतात तो ‘इस्राएल हायकिंग मॅप’ याच माहितीवर उभा आहे. घरांची गोष्ट वेगळी. घर दोन टप्प्यांत नकाशावर येते. आधी उपग्रहाच्या फोटोवरून छपराची कड आखायची, मग त्याला घर नंबर आणि रस्त्याचे नाव जोडायचे. पहिले काम जर्मनीत किंवा जपानमध्ये बसूनही करता येते. दुसऱ्यासाठी चपला घालून बाहेर पडावे लागते, कारण गूगलच्या नकाशातून नंबर उतरवून घेणे नियमात बसत नाही. परिणाम काय, तर छपरे भराभर वाढतात आणि पत्ते मागे राहतात.

दिमोना, बेरशेबा, लोद, रामले येथील जुने शिकुन डोळ्यांसमोर आणा. लांबच लांब तीन-चार मजली इमारत. तिला आलेफ, बेत, गिमेल अशी प्रवेशद्वारे, आणि एका जिन्यातून दुसऱ्या जिन्यात आतून जाता येत नाही. नकाशात मात्र एक लांबट चौकोन आणि फार तर मध्यभागी एक आकडा. तरुण माणूस दोन दारे चुकेल आणि तिसऱ्यात शिरेल. पण रात्री दोन वाजता मागेन दाविद अदोमची गाडी आली आणि स्ट्रेचर घेऊन मुले आलेफचे तीन मजले चढली, आजारी बाई मात्र गिमेलमध्ये, तर? एवढी मिनिटे आपल्या वयाला परवडत नाहीत.

याची सोय नकाशात नाही असे नाही. प्रत्येक प्रवेशद्वारासाठी वेगळा बिंदू घालता येतो, त्याला अक्षर देता येते. दाराशी पायऱ्या किती, चाकाची खुर्ची जाते की नाही, हेही नोंदवता येते. रकाने आहेत, पण भरणारा नाही. संध्याकाळभरात पाचशे छपरे आखली की काम झाल्यासारखे दिसते. चार प्रवेशद्वारे नोंदवली तर कोणाच्या नजरेत भरत नाही. माझ्या हिशेबी ती चार दारे त्या पाचशे छपरांपेक्षा मोलाची आहेत.

दुसरी अडचण हिब्रू लेखनाची. घराच्या पत्त्यातले रस्त्याचे नाव आणि नकाशावरच्या रस्त्याचे नाव अक्षरशः सारखे असावे लागते. रंबाम, राशी अशा संक्षेपनावांत शेवटच्या अक्षराआधी दोन टिंबांसारखी खूण येते. ती एकाने हिब्रू पद्धतीने आणि दुसऱ्याने साध्या अवतरणचिन्हाने टाईप केली, की यंत्राच्या दृष्टीने ते दोन रस्ते झाले, आणि घर आपल्याच रस्त्याला परके.

नातवंडांना घेऊन पूर्वजांची गावे दाखवायला जाणारे आपल्यात पुष्कळ आहेत, म्हणून कोकणाबद्दलही लिहितो. तिथे नंबर-रस्ता हे गणितच चालत नाही. ग्रामपंचायतीचा घर नंबर घरपट्टीच्या वहीतून येतो. आठच्या शेजारी नऊ असेलच असे नाही. लोक आळी सांगतात, वाडी सांगतात, विहीर सांगतात. नकाशात रस्त्याऐवजी ‘ठिकाण’ लिहायचा रकाना आहे, आळीसाठी तोच वापरावा. अलिबागची इस्राएल आळी, जिथे मागेन अबोथ सिनेगॉग आहे, ती मराठी, इंग्रजी आणि हिब्रू तिन्ही लिप्यांत लिहिता येईल. फक्त हिब्रूत तिची ‘सिमता’ करू नये. आळी ती आळीच राहू द्या, नाहीतर नातू तिथल्या रिक्षावाल्याला काय विचारणार? (पेणकर, किहीमकर, नवगावकर, रोहेकर ही आपली आडनावे म्हणजे पत्तेच, फक्त घर नंबर तेवढा नाही.)

इथे आपल्या लोकांना एक मोह होईल. ‘हे अमक्याच्या आजोबांचे घर’ असे नकाशावर लिहावेसे वाटेल. राहणाऱ्याचे खासगी नाव घालू नये, असा या नकाशाचा संकेत आहे आणि मला तो पटतो. एकटी राहणारी म्हातारी बाई कुठल्या दारामागे आहे, हे जगजाहीर करण्याचे कारण नाही. पडलेली किंवा पाडलेली घरेही यात बसत नाहीत. आज जागेवर उभे असेल तेच इथे घेतात. जुन्या वास्तूंसाठी ‘ओपनहिस्टॉरिकलमॅप’ नावाचा वेगळा नकाशा आहे. आठवणींचे काम तिकडे करावे, दोन्हींची खिचडी करू नये.

माझी मुख्य तक्रार मात्र तरुण स्वयंसेवकांकडे आहे. नकाशात जे कमी आहे ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांनाच त्यांनी बाहेर ठेवले आहे. सत्तरीच्या माणसाला खाते उघडा, पासवर्ड घाला म्हणून सांगून काय उपयोग? त्यांच्या गल्लीचा भाग मोठ्या अक्षरांत कागदावर छापून द्या, हातात पेन्सिल द्या. शब्बाथ संपल्यावर किंवा सिनेगॉगमधल्या एखाद्या मलिद्याच्या कार्यक्रमानंतर टेबलावर असे पाच कागद पसरले, तर तासाभरात सगळी दारे भरून निघतील. कुठला जिना मागच्या अंगणातून आहे, कुठल्या दाराचे अक्षर रंग देताना पुसले गेले, कुठे कठडा नाही, हे त्यांना तोंडपाठ असते. टाईप करायचे काम नातवाने करावे, आणि नंतर एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहून यावे.