वारसा-यादी आणि देखभाल : एस्प्लनेड मॅन्शनच्या निमित्ताने

मुंबईच्या फोर्ट परिसरातील वास्तुजतनाची चर्चा १९९५ च्या वारसा नियमावलीच्या गौरवाने सुरू होते. इमारतींची श्रेणीनिहाय यादी करून बदल व पाडकाम यांवर निर्बंध घालणारी ही व्यवस्था निःसंशय महत्त्वाची आहे. तथापि, निर्बंध म्हणजे जतन नव्हे, हे काळा घोडा येथील एस्प्लनेड मॅन्शनच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

पूर्वीच्या वॉटसन्स हॉटेलचा हा ओतीव लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून १८६० च्या दशकात येथे उभारण्यात आला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ येथेच झाला. यादीत समावेश असूनही २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला. २०१९ मध्ये ती रिकामी करावी लागली.

या ऱ्हासाचे एक प्रमुख कारण आर्थिक आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. दुरुस्तीत मालकाला लाभ उरला नाही, तर मालकी नसल्याने भाडेकरू मोठा खर्च करण्यास धजला नाही. याउलट भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालय महापालिकेच्या मालकीचे असून, खाजगी प्रतिष्ठानाचे साहाय्य लाभल्याने त्याचे पुनरुज्जीवन होऊन ते २००८ मध्ये पुन्हा खुले झाले.

सार्वजनिक वास्तूंच्या अशा यशावरून भाडेकरूव्याप्त इमारतींविषयी निष्कर्ष काढणे सदोष ठरेल. दुरुस्तीचा भार कोणी व किती वाहावा, हे निश्चित न करणारे धोरण वास्तूचे पाडकाम रोखते. तिची पडझड मात्र रोखत नाही.