'ग्रँडमाज बॉय' : एका बनावट साधनाची कथा

मूकपटांचें नांव काढतांच आमचे कांहीं वाचक भिवया चढवितील हें आम्ही जाणून आहों. तथापि १९२२ सालीं अमेरिकेंत निघालेला, फ्रेड न्यूमेयर यानें दिग्दर्शित केलेला हा विनोदी पट एका बनावट साधनाभोंवतीं फिरतो. तेव्हां त्याचा परामर्श येथें अस्थानीं होणार नाहीं.

नायक (हॅरल्ड लॉइड) शाळेंत असल्यापासून भित्रा. गांवांतल्या एका मुलीवर त्याचें मन जडलें आहे. पण तिच्यादेखत प्रतिस्पर्धी त्याला विहिरींत टाकतो आणि त्याचा कोट आटून जातो. मग तिच्या घरच्या समारंभास तो आजोबांचा १८६२ सालचा पोषाख चढवून निघतो, तों तिच्या घरचा चाकरही तशाच पोषाखांत! बुटांस फांसलेली चरबी मांजराचीं पिल्लें चाटूं लागतात. मिठाई समजून तो डांबराची गोळी तोंडांत टाकतो आणि मुलगी शेजारीं असल्यानें तोंडही वाकडें करूं शकत नाहीं. पहिल्या प्रेमाची फजिती इतक्या थोडक्यांत आणि इतक्या खरेपणानें दाखविलेली आम्हीं क्वचितच पाहिली आहे.

यापुढें आजी त्याच्या हातीं एक तावीज देते. तुझा आजाही असाच भित्रा होता, पण यादवी युद्धांत या तावीजाच्या बळावर त्यानें पराक्रम गाजविला, अशी हकीकत ती सांगते. ही हकीकत पडद्यावर दिसते, आजोबाही लॉइडच. आणि आमचा आक्षेप येथेंच आहे. ती बाकीच्या चित्राइतक्याच खात्रीनें दाखविल्यामुळें जुन्या कागदावर लिहिलेल्या बनावट सनदेप्रमाणें प्रेक्षकास संशयास जागाच उरत नाहीं. शिवाय हा भाग लांबलाही आहे. नातू शूर होतो, दरोडेखोर पकडतो. शेवटीं तो तावीज आजीच्या छत्रीची मूठ ठरतो. मग आजोबांच्या पराक्रमास दुसरा पुरावा कोणता? चित्रांत तरी नाहीं. अस्सल वस्तु एकच, तो पोषाख, आणि त्यानें नायकाचें हंसें मात्र झालें. बनावट कागदांशीं आमचें वैर जुनें. तरीही या आजीचा आम्हांस राग येत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

१९४३ साली लॉइडच्या संग्रहास आग लागून त्याचे पुष्कळ आरंभींचे पट नष्ट झाले. हा पट मात्र उपलब्ध आहे. ज्यांस आमचा आक्षेप मान्य नसेल त्यांनीं तो स्वतः पाहून निर्णय करावा.