मुलांच्या हाती कोणते बायबल?

पहिल्या कम्युनियनची तयारी सुरू झाली की आईवडील धर्मगुरूकडे एक प्रश्न हमखास घेऊन येतात : "फादर, मुलासाठी कुठलं बायबल घ्यावं?" आपल्या बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर अशी आपली कुटुंबे विखुरलेली. धार्मिक पुस्तकांचे दुकान काही हाताशी नसते. कोणी मुंबईहून आणलेले, कोणाला बक्षीस मिळालेले, कोणी शेजाऱ्यांकडून मागून घेतलेले पुस्तक घरात येते आणि 'बायबल' म्हणून मुलाच्या हाती पडते. ते कोणी लिहिले, कोणत्या वयासाठी लिहिले, हे सहसा कोणी पाहत नाही. कथा-कादंबऱ्यांची परीक्षणे आपण आवडीने वाचतो. पण ज्या पुस्तकातून मुलाची देवाशी पहिली ओळख होणार, त्याचे परीक्षण करावे असे कोणाच्या मनात येत नाही, हे नवल आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मुलांचे बायबल हे बायबल नव्हे. ते बायबलचे कोणीतरी केलेले कथन असते. कथन करणारा काही घेतो, काही सोडतो, आणि त्या घेण्या-सोडण्यातच त्याचे भाष्य येते. सोडण्याला माझी हरकत नाही. चार वर्षांच्या मुलाला शास्त्ते ग्रंथातील कत्तली सांगाव्यात असे कोणीच म्हणणार नाही. हरकत आहे ती वेगळ्या गोष्टीला. आज सांगितलेले उद्या 'ते तसे नव्हतेच' म्हणून पुसून टाकावे लागेल, असे काही पुस्तक सांगत असेल तर ते मुलाच्या हाती देऊ नये. माझी कसोटी एवढीच आहे.

नोहाची कथा घ्या. बाजारातील बहुतेक चित्रमय पुस्तकांत ती असतेच, नव्हे, मुखपृष्ठावरच असते. तारवाच्या खिडकीतून जिराफाची मान बाहेर आलेली, हत्ती हसताहेत, वर इंद्रधनुष्य. एखाद्या सहलीचे चित्र वाटावे. पाण्याखाली काय गेले याचा मागमूस नाही. याउलट गुस्ताव दोरे या फ्रेंच चित्रकाराने १८६६ साली प्रसिद्ध झालेल्या बायबलसाठी काढलेले जलप्रलयाचे चित्र पाहावे : बुडणारे आईबाप आपल्या लेकरांना खडकावर ढकलताहेत. हे चित्र लहान मुलाला दाखवू नये हे खरेच. पण ती सहलही दाखवू नये. पाच वर्षांपर्यंत नोहा सांगूच नये, असे माझे मत आहे. सृष्टीची निर्मिती आहे, गव्हाणीतला बाळ येशू आहे, हरवलेले मेंढरू आहे, मुलांना जवळ बोलावणारा प्रभू आहे. तेवढ्या वयाला हे भांडार पुष्कळ झाले.

दुसरा दोष अधिक जुना आणि अधिक खोल आहे. तो म्हणजे कथेच्या शेपटीला बांधलेले तात्पर्य. योहान ह्युब्नर या जर्मन शिक्षकाने १७१४ मध्ये जुन्या कराराच्या बावन्न आणि नव्या कराराच्या बावन्न कथा मुलांसाठी प्रसिद्ध केल्या आणि प्रत्येक कथेपाठोपाठ प्रश्न, बोध व पद्य जोडले. तो साचा युरोपभर गेला आणि आजही मोडलेला नाही. त्याच साच्यात दावीद आणि गल्याथ यांच्या कथेखाली 'लहानानेही धीर धरावा' असे छापले जाते. मूळ अध्याय उघडून पाहावा. तेथे दावीद आपल्या धैर्यावर विसंबत नाही. जय परमेश्वराचा आहे, असे तो सांगतो. जक्कयाच्या कथेखाली 'लोकांचे पैसे लुबाडू नयेत'. पण जक्कयाने पैसे परत करण्याची भाषा केली ती प्रभू आपण होऊन त्याच्या घरी उतरल्यानंतर. आधी कृपा, मग सुधारणा. तात्पर्याने हा क्रमच उलटा होतो, आणि क्रम उलटला की शुभवर्तमानाचे शुभवर्तमानपणच हरपते. अशा पुस्तकांवर वाढलेले मूल बायबल इसापनीतीच्या शेजारी ठेवते आणि पंधराव्या वर्षी दोन्ही एकदमच माळ्यावर टाकते. त्याला कळलेले असते की बोध काढायला इसापही पुरतो.

लहान मुलांच्या बाबतीत पुस्तकाहून आवाज महत्त्वाचा. सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यात आहे. जिजाऊंनी शिवबांना रामायण-महाभारतातील कथा सांगितल्या अशी परंपरा आहे. पुस्तक हाती ठेवून त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या असे कोणी सांगत नाही! तेव्हा या वयाचे पुस्तक निवडताना त्यातील एक पान मोठ्याने वाचावे, आणि शक्य तर घरातल्या आजीला ऐकवावे. आजीने "म्हंजे काय?" असे दोनदा विचारले तर ते पुस्तक परत ठेवावे. इंग्रजीवरून घाईने केलेल्या मराठीत वाक्ये अशी वळसे घेतात की वाचणाऱ्याचा श्वास पुरत नाही. ही कसोटी आपल्या परंपरेला नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली राशोल येथे 'ख्रिस्तपुराण' छापले ते सुमारे अकरा हजार ओव्यांत. ऐकणाऱ्याच्या कानाला ओळखीची चाल असावी म्हणून. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले, ते खेड्यातल्या साध्या बाईला समजावे या ध्यासाने. १९२४ मध्ये केडगावला ते छापून पूर्ण झाले तेव्हा त्या हयात नव्हत्या. या दोघांचा मार्ग निराळा, पण ऐकणाऱ्याची आठवण दोघांनीही ठेवली.

येथे इंग्रजी शाळांचा विषय येतो. मूल इंग्रजी माध्यमात आहे म्हणून चकचकीत इंग्रजी बायबल घेण्याकडे पालकांचा कल असतो. घरातली प्रार्थना मराठीत, मिस्सा मराठीत आणि देवाच्या गोष्टी मात्र इंग्रजीत, असे झाले तर त्या गोष्टी अभ्यासाच्या कप्प्यात जातात. निदान दहा वर्षांपर्यंत तरी मराठीच असावे.

सात ते दहा या वयात मुलाला क्रम कळू लागतो : अब्राहाम आधी, मोशे नंतर, मग दावीद. सुट्या कथांऐवजी एका धाग्यात ओवलेले पुस्तक आता हवे. १९७९ च्या आंतरराष्ट्रीय बालक वर्षात एका कॅथोलिक मदतसंस्थेने एलेओनोरे बेक यांच्याकडून लिहून घेतलेले 'देव आपल्या मुलांशी बोलतो' हे छोटेखानी बालबायबल पुढे शंभराहून अधिक भाषांत गेले. तात्पर्याचा सोस नाही, शास्त्राच्या शब्दांशी जवळीक आहे, हे त्याचे बळ. आटोपशीरपणा हीच त्याची मर्यादाही. मुलांसाठीच्या मिस्सांविषयी रोमने १९७३ मध्ये जे मार्गदर्शन दिले, त्यातही वाचनाची निवड मुलांना झेपेल अशी करण्यास मुभा आहे, मात्र स्वैर रूपांतर टाळावे असे सुचवले आहे. मला हा विवेक घरातही योग्य वाटतो.

चित्रांबद्दल एक कानगोष्ट. सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा येशू पाहून मूल त्याला परदेशी पाहुणा समजते. मूळचे गोव्याचे आणि पुण्यात राहिलेले आंजेलो दा फोन्सेका (१९०२-१९६७) यांनी पवित्र मरियेला साडी नेसवली तेव्हा त्यांच्यावर टीका झाली. तरीही ती मरिया आपल्या मुलांना मावशीसारखी वाटेल. असे एकही चित्र पुस्तकात नसेल तर एखादे कुठून तरी मिळवून त्यात ठेवावे.

दहानंतर मुले चित्रकथांकडे वळतात. वळू द्यावे; वेग आणि वीरश्री या वयाला हवीच असते. मात्र खरेदीपूर्वी अनुक्रमणिकेत तोबित आहे का ते पाहावे. वऱ्हाडात प्रॉटेस्टंट मिशनरींचे काम जुने आहे, आपल्यातील कित्येकांची सोयरीक तिकडे आहे, आणि बाजारातील बरीच बालबायबले त्यांच्या परंपरेतील आहेत. त्यांच्या बायबलमध्ये सहासष्ट ग्रंथ, आपल्यात त्र्याहत्तर. त्यामुळे तोबित त्यांच्या बालबायबलात नसतो. हा त्यांचा दोष नव्हे, पण नुकसान आपल्या मुलाचे होते. तरुण तोबिया प्रवासाला निघतो, सोबत वेष बदललेला राफाएल देवदूत आणि मागून चालणारा कुत्रा : मुलांना याहून आवडेल अशी कथा जुन्या करारात क्वचितच असेल. आणि मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथातील सात पुत्रांची आई बारा-तेरा वर्षांच्या मुलीला जरूर भेटली पाहिजे. पुस्तकात या दोघी-तिघांना जागा नसेल तर त्या कथा आईवडिलांनी मोठ्या बायबलमधून वाचून दाखवाव्यात.

दृढीकरणाच्या वयात बालबायबल बाजूला ठेवून पूर्ण बायबल हाती द्यावे. तरुणांसाठीचे 'यूकॅट बायबल' २०१५ मध्ये निघाले आणि त्याला पोप फ्रान्सिस यांची प्रस्तावना आहे; मराठीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' घरातल्या मोठ्यांनाही उपयोगी पडेल. उत्पत्तीपासून ओळीने वाचायला सांगू नये, लेवीयापाशी मूल थांबते. मार्कापासून आरंभ करावा. सोळाच अध्याय आहेत. सुटीच्या एका दुपारी संपतात. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत हे शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीशी थांबते : स्त्रिया भयभीत होऊन कबरेपासून पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत. चौदा वर्षांच्या मुलाला तेथे प्रश्न पडतोच की मग ही वार्ता आपल्यापर्यंत पोचली कशी. त्याने तो विचारला तर उत्तर देण्याची घाई करू नये. लूकचा शेवटचा अध्याय काढून त्याच्यापुढे ठेवावा.