प्रागचा ‘म्हातारबा’

फुटबॉलचा इतिहास लिहिणाऱ्यांस एक हौस असते. प्रत्येक देशाच्या खेळाला एक जनक लावून दिल्यावांचून त्यांचें समाधान होत नाहीं. झेक फुटबॉलच्या बाबतींत हा मान जॉन मॅडन या स्कॉटिश गृहस्थाकडे जातो. तो त्याला कितपत शोभतो, हें आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

मॅडन १८६५ सालीं डंबार्टन गांवीं जन्मला. जहाजांच्या कारखान्यांत रिव्हेट ठोकणें हा त्याचा धंदा. १८८८ च्या मे महिन्यांत ग्लासगोच्या सेल्टिक क्लबानें आपल्या पहिल्याच सामन्यांत रेंजर्सचा ५-२ असा पराभव केला, तेव्हां आघाडीच्या मध्यभागीं तो होता. पुढें तो स्कॉटलंडकडून वेल्सविरुद्ध दोन सामने खेळला. एवढ्यावर त्याची आठवण कोणी ठेवली नसती. १९०५ सालीं, चाळिशीच्या उंबरठ्यावर, तो प्रागला स्लाव्हिया क्लबाचा शिक्षक म्हणून गेला आणि १९३० पर्यंत त्याच जागीं राहिला.

त्याच्या जाण्याविषयीं एक कथा मोठ्या आवडीनें सांगतात. स्लाव्हियाला म्हणे जॅक रॉबर्टसन हा नामांकित खेळाडू हवा होता. तो जाईना, म्हणून मॅडननें त्याच्या पोषाखांतील छायाचित्रावर आपलें तोंड चिकटवून पाठविलें! कथा गमतीची आहे, परंतु तिनें मॅडनचें नुकसानच केलें, असें आमचें मत आहे. नोकरी लबाडीनें मिळाली असो वा नसो, ती पंचवीस वर्षें टिकली ती कशामुळें, हा खरा प्रश्न. आणि ही कथा त्याची वाटच अडवून बसते. (रॉबर्टसन पुढें १९११ सालीं बुडापेस्टच्या एम. टी. के. क्लबाकडे शिक्षक म्हणून गेलाच.)

एकट्यानें चेंडू घेऊन धांवण्याऐवजीं सोबत्याकडे चेंडू सारीत पुढें जाण्याची रीत मॅडनची स्वतःची नव्हे. तो लहान असतांनाच ती स्कॉटलंडमध्यें रूढ झाली होती. ती त्याच्या हातीं वडिलोपार्जित ठेव्यासारखी आली. त्याचें स्वतःचें असें जें होतें तें निराळें. खेळाडूच्या शरीराची चिंता वाहणें हें शिक्षकाचें काम आहे, ही गोष्ट त्यानें प्रागला शिकविली. खाणेंपिणें, अंगमर्दन, दुखापतीची शुश्रूषा, अंगांतील दम, या सर्वांवर त्याची नजर असे. आपल्याकडील तालमीच्या वस्तादाला यांत नवें कांहींच वाटणार नाहीं. पण त्या काळच्या हौशी फुटबॉलमध्यें, जेथें कप्तान संघ निवडी आणि सामन्यापूर्वीं चार उड्या मारल्या कीं तयारी संपे, तेथें हें नवें होतें. खेळाडू त्याला ‘द्येदेक’, म्हणजे म्हातारबा, म्हणत. आम्हांस या हांकेंत ‘जनक’ या पदवीपेक्षां अधिक सत्य दिसतें.

१९११ सालीं रूबे येथील स्पर्धेंत इंग्लंडच्या हौशी संघास २-१ असें हरविणारा बोहेमियाचा संघ बव्हंशीं स्लाव्हियाचा होता. १९२५ सालची पहिली व्यावसायिक लीगही स्लाव्हियानेंच जिंकली. १९३४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत चेकोस्लोव्हाकिया इटलीकडून २-१ असा हरला. त्यांतील गोलरक्षक प्लानिच्का आणि गोल करणारा पुच हे दोघेही मॅडनच्या हाताखालीं तयार झालेले.

तरीही एक अडचण उरते, आणि मॅडनचे भक्त तिचा उच्चार सहसा करीत नाहींत. पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत प्रागमध्यें दरारा होता तो स्पार्टाचा, आणि त्या संघाचा शिक्षक जॉन डिक हाही स्कॉटिशच. डिकचा वांटा कमी करून मॅडनला जनक म्हणणें अन्यायाचें आहे. शिवाय मॅडननें आपल्या विद्येचा ग्रंथ रचला नाहीं. त्याची विद्या पाहावयाची तर त्याच्या हाताखालून गेलेल्या माणसांत.

तो स्कॉटलंडला परतला नाहीं. प्रागमध्येंच त्यानें संसार केला; १९४८ सालीं तेथेंच वारला, आणि ओल्शानीच्या दफनभूमींत त्याला पुरलें. स्लाव्हियाचे चाहते आजही त्या थडग्यावर फुलें वाहतात.