सायलेन्सर घराण्याची गायकी

कल्याण हे गाव जंक्शन म्हणून प्रसिद्ध असलं तरी त्याचं नाव एका रागाचं आहे. भातखंड्यांनी रागांचे दहा थाट पाडले, त्यातला एक तर आमच्या गावाच्या नावाचाच. शिवाय १९२६ सालापासून इथे कल्याण गायन समाज आहे. तेव्हा गाण्यातलं आपल्याला थोडंफार कळतं, असा प्रत्येक कल्याणकराचा समज असतो आणि तो दूर करायला अजून कुणी धजावलेलं नाही.

अशा या गावात गेल्या काही वर्षांत एक नवं घराणं उदयाला आलं आहे. त्याच्या मैफली रात्री साडेअकरानंतर आग्रा रोडवर, लाल चौकीच्या आसपास, रंगतात. तिकीट नसतं. प्रवेश सर्वांना खुला असतो, उठून जाण्याची सोय मात्र नसते. कारण आपण आधीच आपल्या घरी, आपल्याच पलंगावर असतो. वर्तमानपत्रांत या मैफलींचं समीक्षण येत नाही. ती उणीव भरून काढावी म्हणून हा प्रपंच.

घराण्याचं नाव सायलेन्सर घराणं. कंपनीचा सायलेन्सर काढून टाकणे हा इथला गंडाबंधनाचा विधी. आमच्या सोसायटीतले एक चिरंजीव या घराण्याचे ताजे शागीर्द आहेत. गाडी पेट्रोलची, छोटी, एमएच-०५ नंबरची आणि हप्ते वडिलांचे.

आधी वाद्याविषयी थोडं. तंबोऱ्याचा भोपळा तारांचा आवाज भरदार करतो. सायलेन्सर म्हणजे उलट्या काळजाचा भोपळा. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेत असेल, तर त्यात मिनिटाला सहा हजार स्फोट होतात. सायलेन्सरच्या पोटात कप्पे असतात, भोकं पाडलेल्या नळ्या असतात. स्फोटांच्या लाटा त्यात शिरतात, भिंतींवर आपटून परततात, मागून येणाऱ्या लाटांना भिडतात आणि एकमेकींना संपवतात. आवाजानेच आवाज मारायचा, अशी ही युक्ती. एकत्र कुटुंबात दोन जावांना एकमेकींशी बोलत ठेवून घरात शांतता राखणारी सासू आपण पाहिली असेल, तसंच हे.

चिरंजिवांनी इंजिनापासून शेपटापर्यंत सगळी नळी बदलली. जाड, चकचकीत, कोपरापर्यंत हात जाईल एवढ्या तोंडाची. या उलाढालीत आणखी एक डबा निघाला. गॅरेजवाले त्याला 'कॅटकॉन' म्हणतात. "हे भंगार राहू दे इथेच," असं तिथले उस्ताद म्हणाले. पण चिरंजिवांच्या आईने, "आपली वस्तू आहे, पैसे मोजलेत," असं म्हणून तो डबा घरी आणवला आणि जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला. माउलीला ठाऊक नव्हतं, पण या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं. सोन्याच्या पंगतीला बसणाऱ्या धातूंना भंगार म्हणणारा उस्ताद किती निरिच्छ असेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आता प्रत्यक्ष मैफल. सुरुवातीला विलंबित. गाडी जागेवर उभी असते आणि तिच्या पोटात गडगडत असतं. सुराची जागा सापडत नाही, पण खिडकीच्या काचा षड्ज धरतात. मग एकदम द्रुत. सहजानंद चौकापासून ताना सुरू होतात आणि पायाने दाब सोडला की फट्, फट्, फट् अशा समेवर न येणाऱ्या तिहाया. कल्पनाविस्तार नाही, आलापी नाही, दोन ताना पाठ केलेल्या. दाद कुत्री देतात.

"काका, आवाजाचं सोडा. परफॉर्मन्स बघा," चिरंजीव मला म्हणाले.

बघू या. धुराची वाट मोकळी झाली की इंजिन वरच्या फेऱ्यांवर थोडं अधिक जोर देतं, हे खरं आहे. पण छोट्या इंजिनात ही कमाई फार तर दोन-चार घोड्यांची, आणि तीही इंजिन पाच-सहा हजार फेऱ्यांवर किंचाळत असताना. आग्रा रोडवर दिवसा दुसऱ्या गिअरच्या वर गेलेला मनुष्य मला दाखवा, मी त्याचा सत्कार करीन. उलट, योग्य मापाच्या नळीतून धूर वेगाने जातो आणि जाताना मागच्या लोटाला ओढून नेतो. नळी नको इतकी रुंद केली की तोच लोट रेंगाळतो आणि कमी फेऱ्यांवरची ओढ जाते. म्हणजे जी गाडी पूर्वी पत्रीपुलाचा चढ मुकाट्याने चढत होती, ती आता ओरडत चढते. वेग तोच, पण आवाजामुळे आत बसलेल्याला विमानात बसल्यासारखं वाटतं. परफॉर्मन्स वाढतो तो एवढाच.

आणि नेमका इथे मैफलीतला दुसरा कलाकार प्रवेश करतो. काट्यांच्या मधे एक छोटं पिवळं चित्र उजळतं. ते इंजिनाचं चित्र आहे म्हणे. मला ती पाणबुडी वाटते. याला 'चेक इंजिन'चा दिवा म्हणतात.

हा दिवा का लागतो, ते समजून घेण्यासारखं आहे. कॅटकॉनच्या आधी एक आणि नंतर एक, असे ऑक्सिजन मोजणारे दोन सेन्सर असतात. आपण मुलाला शिकवणीला घालतो, तेव्हा आधीचे मार्क बघतो आणि नंतरचेही बघतो. आधीचे खालीवर होत असतात, नंतरचे स्थिर व्हावेत ही अपेक्षा. दोन्हीकडे तेच हेलकावे दिसले, तर चिरंजीव शिकवणीला जात नाहीत हे उघड आहे. गाडीचा कॉम्प्युटर असाच बाप आहे. डबा माळ्यावर गेला की दोन्ही सेन्सर सारखंच बोलू लागतात आणि दिवा लागतो. वर नळीचा सांधा नीट बसला नसेल, तर बाहेरची हवा आत शिरते. पहिल्या सेन्सरला वाटतं, पेट्रोल कमी पडतंय. कॉम्प्युटर माया करून जास्त पेट्रोल वाढतो आणि अ‍ॅव्हरेज खाली येतं. घोडे आले दोन, चारा चौघांचा.

गॅरेजात यंत्र लावलं की कॉम्प्युटर गुन्ह्याचा नंबर सांगतो. कॅटकॉन काम करीत नसल्याचा जगभरचा नंबर आहे पी-०४२०. होय, चारशे वीस! मी हे रचलेलं नाही. आपल्याकडे भारतीय दंड संहिता १ जुलै २०२४ ला निवृत्त झाली आणि फसवणुकीचं कलम आता न्याय संहितेत ३१८ झालं. पण गाडीच्या कॉम्प्युटरने परंपरा सोडलेली नाही.

वाचक म्हणेल, मग दुरुस्त करावं. छे! घराण्याची रीत वेगळी आहे. उस्ताद यंत्राने नंबर पुसून देतात. चार दिवसांनी तो परत येतो. मग दुसरा सेन्सर एका लांब नटावर चढवून धुरापासून दूर बसवतात, म्हणजे त्याला नीट काही कळू नये. ते नाही जमलं तर कॉम्प्युटरच्या मेंदूतून तो प्रश्नच काढून टाकतात. आणि हे सगळं परवडत नसेल, त्यांच्यासाठी पाच रुपयांची काळी चिकटपट्टी आहे. गायक बेसूर झाला म्हणून समीक्षकाच्या तोंडाला पट्टी लावण्याची पद्धत इतर क्षेत्रांतही आहे, पण इतकी शब्दशः कुठे पाहिली नाही.

पट्टीखालचा दिवा आणखी काही सांगत असेल, तर तेही मग कळत नाही. टाकीचं झाकण सैल राहिलं तरी तो लागतो, आणि इंजिनात ठिणगी चुकत असेल तर लुकलुकतो. लुकलुकणं म्हणजे पाय हलका करा आणि गॅरेज गाठा. पण ज्याने दिव्याचं बोलणंच बंद केलं, त्याला कुठलं ऐकू येणार?

इथवर विनोद झाला. पण त्या डब्याचं काम विनोदी नव्हतं. कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं या तिघांना तो कमी विषारी करून बाहेर सोडत होता. आपल्या देशात एप्रिल १९९५ मध्ये चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला. आता तो माळ्यावर आहे आणि त्याचं काम मुरबाड रोडच्या सिग्नलला मागे उभा असलेला रिक्षावाला आपल्या फुप्फुसांनी करतो. आवाज तरी खिडकी लावून थोडा अडवता येतो. धुराचं तसं नाही, आणि त्याला दाद द्यायला कुत्रीही भुंकत नाहीत.

कायद्याचं मत समीक्षकापेक्षा कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० प्रमाणे आवाजाचे किंवा धुराचे नियम मोडले, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि लायसन तीन महिने बाद. निवासी भागात रात्री दहानंतरची मर्यादा ४५ डेसिबल आहे. चिरंजिवांची गाडी नुसती सुरू झाली तरी ती ओलांडते.

समीक्षकाने न्यायी असावं म्हणून सांगतो. कॅटकॉन जागेवर ठेवून फक्त मागचा डबा बदलला, तर दिवा सहसा लागत नाही आणि धूरही पूर्वीइतकाच स्वच्छ राहतो. मात्र आवाज कायद्यात बसला पाहिजे आणि तो बसवणाऱ्याला तसं लिहून द्यायला सांगा. बहुतेक उस्तादांचं अक्षर तिथेच अडतं.

तेव्हा निकाल असा. वाद्य महाग, गायकी उथळ, साथ बेताल, श्रोते जबरदस्तीने बसवलेले. संपूर्ण मैफलीत सुरात एकटा पिवळा दिवा. तो आपलं मत फुकट देतो, रोज देतो आणि कुणाच्या वशिल्याने बदलत नाही. चिरंजिवांनी चिकटपट्टी काढावी, स्टूल घ्यावं आणि माळ्यावरचा डबा खाली उतरवावा. आईने चादर धुवायला मागितलीच आहे.