‘का’चे खाते

परीक्षण दुसऱ्याच्या लेखनाचे करावे, असा संकेत आहे. मी मात्र स्वतःच्याच एका सिद्धांताचे करणार आहे, कारण तो अजून कुणी पुरता ऐकूनच घेतलेला नाही. मी सुरुवात केली की ही कुकर लावायला उठते.

सिद्धांताचे मूळ वडिलांच्या दहाव्याला आहे. नदीकाठी पिंड ठेवून आम्ही तासभर ताटकळलो होतो. कावळे झाडावर बसून ‘का, का’ करीत होते, पण एकही खाली येईना. पुढे एका पुस्तकात वाचले, की प्राचीन इजिप्तमध्ये माणूस मेला तरी त्याचे प्राणतत्त्व उरते, त्याला अन्न लागते, आणि त्याचे नाव ‘का’! मी खुर्चीतून उठलोच. म्हणजे कावळे प्रश्न विचारत नव्हते, नाव सांगत होते!

मग पुरावे गोळा केले. थडग्यांवर ‘का’साठी मागणे कोरलेले असते : भाकरी हजार, बिअर हजार, बैल हजार. (एवढे गोल आकडे पाहून कुठलाही ऑडिटर चष्मा पुसेल.) हे अन्न वेळेवर पोचावे म्हणून ‘का’चे सेवक नेमत आणि त्यांच्यासाठी जमीन तोडून देत. थोडक्यात मुदत ठेव. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर बापाला जेवू घालायचे. मेम्फिसचे देऊळ म्हणजे ‘हुत-का-प्ताह’, प्ताह देवाच्या ‘का’चे घर. ग्रीकांनी त्याचे ‘ऐगुप्तोस’ केले आणि त्यातून ‘इजिप्त’ आले. अख्खा देश एका ‘का’वर उभा!

इथेच थांबायला हवे होते. पण जपानी माणूसही प्रश्नाच्या शेवटी आपल्यासारखाच ‘का’ लावतो, हे कळले आणि मी टोकियोलाही खाते उघडले. तिथे ‘का’ म्हणजे डासही होतो, ते मी सोयीस्करपणे वहीत घेतले नाही. हिंदीतला ‘का’ तर नुसता ‘चा’.

अहो, वीस वर्षे सह्या ताडून पाहणारा माणूस मी! दोघेही कुलकर्णी म्हणून एकाचा चेक दुसऱ्याच्या खात्यावर टाकला असता, तर केव्हाच घरी बसलो असतो. इथे तर आडनावही नाही, एकच अक्षर. इतक्या भाषांत ते कुठे ना कुठे जुळणारच.

आणि तेही जुळत नाही. इजिप्शियन लेखनात स्वर लिहीतच नसत. ‘क’ आणि त्यामागे आणखी एक व्यंजन, एवढेच लिहिलेले. ‘का’ हा उच्चार अभ्यासकांनी सोयीसाठी ठरवलेला. १८८७ साली अमार्नाला मातीच्या विटांवरची पत्रे सापडली. त्यांच्या लिपीत स्वर येतात, आणि त्यांत त्या देवळाचे नाव आहे ‘हिकुप्ताह’. म्हणजे त्या काळी ‘का’ नव्हे, ‘कू’! या हिशेबाने पिंडाला कोकिळा बोलवायला हवी होती.

सिद्धांत मी खोडला आहे आणि नियमाप्रमाणे खोडाखोडीवर सहीही केली आहे. फक्त त्या चिन्हाचे काय करावे कळत नाही. ‘का’ लिहायचा तो वर उचललेले दोन हात काढून. आपल्याकडे हात वर केले की माणूस जबाबदारीतून सुटला. त्या दिवशी नदीकाठी मीही तेच करू पाहत होतो. शेवटी काकांनी ढोसले, तेव्हा हात जोडून म्हणालो, “बाबा, धाकटीचं लग्न मी करीन.”

कावळा लगेच आला. कर्जाचे अजून अकरा हप्ते राहिलेत.